आपल्याकडचा उन्हाळा



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असे आपल्या चिटणीस बाईंनी सांगितले, तेव्हा मी म्हटले, "बाई, मी सातवी पास. मला किल्ले आणि लढाया काय ठाऊक?" त्या म्हणाल्या, "किल्ले नकोत, माहुलीवर दर वर्षी कोणी ना कोणी लिहितेच. तुम्ही चुलीजवळचे लिहा." म्हणून उन्हाळ्यावर लिहायचे ठरविले. माझे माहेर मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या बाजूला व सासर शहापूरला. तेव्हा दोन्हीकडचे उन्हाळे मी मनसोक्त भोगलेले आहेत. शहरातल्या पाहुण्यांना आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे धूळ, घाम आणि आटलेल्या विहिरी एवढेच दिसते. ते खोटे नाही. परंतु आपल्या मौजा त्यांना दिसत नाहीत, आणि त्या मौजांवर काय काय प्रसंग येऊन गेले हे तर आपल्यालाही फारसे ठाऊक नसते.

चैत्र लागला की माहेरी आजी पहाटेच्या अंधारात आम्हां नातवंडांना उठवी. मोहाची फुले रात्रीची उमलतात व पहाटे टपटप गळतात. उन्हे वर येण्याच्या आत ती वेचावी लागतात, नाहीतर गुरे खातात. झाडाखालचा पाचोळा अगोदरच झाडून ठेवलेला असे. फिकट पिवळी, रसाने भरलेली ती फुले टोपलीत पडत तशीच तोंडातही पडत. त्यांचा गोडवा अंमळ उग्र असतो, पण एकदा सवय झाली की खडीसाखर फिकी वाटते. मग अंगणात ती वाळवायची. वाळली की मनुकांसारखी दिसतात. आजी ती भाजून, तिळाबरोबर कुटून लाडू वळी; कधी उकडून भाकरीबरोबर देई. फळांची भाजी होई व बियांचे तेल निघे. एका झाडापासून घराला इतके देणे क्वचितच मिळते.

परंतु वाळलेली फुले आजी कधी उघड्यावर ठेवीत नसे. भाताच्या कणगीत, तळाशी, फडक्यात बांधून ठेवी, आणि गावात कोणी अनोळखी माणूस आला की आम्हांला दटावी, "फुलांचं नाव काढू नका गो पोरींनो!" खाण्याच्या जिनसेची एवढी चोरी कशासाठी, हे मला लहानपणी कळत नसे. ते कळले पुष्कळ वर्षांनी. ठाणे जिल्ह्याचे जुने गॅझेटियर १८८२ साली छापले गेले. ते आहे इंग्रजीत. माझ्या पुतण्याने ते आणि आणखी काही पुस्तके वाचून मला मराठीत समजावून सांगितली, त्यावरून लिहिते.

मोहाच्या फुलांची दारू होते हे सर्वांना माहीत आहे. इंग्रज सरकारने १८७८ साली अबकारी कायदा केला. घरोघरी गाळणे बंद झाले आणि मक्त्याची, कर भरलेली दारू विकत घेणे भाग पडले. तरीही रानात चोरून भट्ट्या लागतच. तेव्हा सरकारने थेट फुलांनाच हात घातला. १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाचा स्वतंत्र कायदा झाला व फुले बाळगणे, विकणे, नेणे-आणणे यांवर बंधने आली. दुष्काळात गोरगरीब याच फुलांवर दिवस काढीत. कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी यांच्या घरी चैत्रात चूल त्यांवरच पेटे. स्वराज्य आल्यावर १९४९ सालच्या दारूबंदी कायद्यातही मोहाची फुले राहिलीच. दारूची तरफदारी मी मुळीच करीत नाही. दारूने उजाड झालेली घरे आपण आपल्या मंडळाच्या कामात पाहिली आहेत. पण द्राक्षांचीही दारू होते, म्हणून कोणी द्राक्षे कणगीत लपविली असे काही मी ऐकलेले नाही.

ही बंधने महाराष्ट्र सरकारने अगदी अलीकडे, २०२१ साली उठविली. म्हणजे १८९२ पासून मोजले तर जवळजवळ एकशेतीस वर्षे झाली. तोवर माझी आजी जाऊन पुष्कळ दिवस लोटले होते.

१८९२ हे साल आपल्या शहापूर तालुक्याने आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावे. त्याच साली तानसा तलावाचे पाणी मुंबईला जाऊ लागले. पुढे १९५७ साली वैतरणेवर मोडकसागर झाला व १९८० नंतरच्या काळात भातसा धरणाचे पाणी मिळू लागले. आज मुंबईला सर्वांत जास्त पाणी देणारे धरण आपले भातसाच आहे. आमच्या घरी सासूबाई सांगत, त्या नवीन लग्न होऊन आल्या तेव्हा वैशाखात बैलगाड्या जुंपून सगळी आळी तानशाकडे सहलीला जाई. बरोबर तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलाची चटणी, कांदे व कैऱ्या. पुरुष मंडळी दगडी बांध किती लांब यावर वाद घालीत आणि बायका पाण्याकाठच्या गार वाऱ्यात बसून मनमोकळे बोलत. घरात सासू-सासऱ्यांपुढे मोठ्याने हसण्याची सोय नव्हती, ती तिथे होती. सासूबाईंना बांधाची लांबी कधीच आठवली नाही, पण कोणत्या जावेने तिथे कोणती गोष्ट सांगितली ते त्यांना शेवटपर्यंत पाठ होते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. बाया रात्री-रात्री विहिरीच्या काठावर बसून झऱ्याचे पाणी वाटीवाटीने उपसतात. समोर तलाव दिसतो आणि हंडा भरत नाही. मुंबईकरांना पाणी मिळू नये असे मी म्हणत नाही, माझ्याच दोन नणंदा तिकडे नांदतात. पण जिथले पाणी दूरवर जाते, तिथल्या बाईचा सगळा उन्हाळा पाण्यापायी जावा, याला काय म्हणावे?

माझी एक मैत्रीण अशाच एका पाड्यावरची आहे. ठाकूर समाजातली. नाव लिहीत नाही, तिला आवडायचे नाही. ओळख झाली ती करवंदांमुळे. मे महिन्यात ती डोक्यावर पाटी घेऊन दारात येई व हाक मारी, "वयनी, काळी मैना आणली!" पाटीत पळसाच्या पानांचे द्रोण, त्यांत टपोरी करवंदे. कधी तोरणे, रांजणे, मृगाच्या तोंडावर जांभळे. सासूबाईंच्या तरुणपणी पैशांचा व्यवहार नसे, मापाला माप देत. एक माप करवंदे, एक माप तांदूळ. आमच्या वेळी पैसे आले, पण पाटी उतरविल्यावर तांब्याभर पाणी व गूळ द्यायचा रिवाज राहिला. पाणी पिताना ती दोन घटका टेके. बोलता बोलता वर्षे गेली. माझ्या बाळंतपणात तिने डोंगरातली औषधी मुळी आणून दिली, आणि तिच्या मुलीच्या लग्नात मी दोन दिवस राहून आले. माझ्या मुलांना तिने करवंदाचा खेळ शिकविला. फळ फोडण्याआधी सांगायचे, कोंबडा की कोंबडी? आतून लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी. हरणाऱ्याने आपले करवंद द्यायचे. तुम्ही सगळ्यांनी लहानपणी तो खेळ खेळलेला असणार.

या करवंदांनाही इतिहास आहे बरे का. आपल्या देशातली पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदर ते ठाणे धावली ती ऐन उन्हाळ्यात, १६ एप्रिल १८५३ रोजी. १८५४ साली ती कल्याणला आली, १८५५ साली आपल्या वाशिंदला आणि १८६१ साली कसाऱ्याला. गाडीने आपले लाकूड व कोळसा शहरात नेला, जंगल उघडे पडू लागले. मग जंगल वाचविण्यासाठी म्हणून सरकारने राखीव रानांच्या सीमा आखल्या. त्या सीमांच्या आत आमची राबाची टहाळीही आली. भाताच्या रोपांसाठी उन्हाळ्यात राब भाजला नाही तर शेतकऱ्याचे पुढचे सगळेच अडते. ठाणे व कुलाब्याच्या लोकांनी इतकी ओरड केली की १८८५ साली सरकारला त्यासाठी खास कमिशन नेमावे लागले. एवढे सगळे होऊनही त्याच आगगाडीने आमच्या पाड्यांवरच्या बायांना बाजार दिला. खर्डी, आटगाव, आसनगावहून पहाटेच्या गाडीने पाट्या कल्याणला जाऊ लागल्या. आजही मे महिन्यात त्या गाडीत बायांच्या पायांशी करवंदांच्या पाट्या दिसतात. रानातल्या फळाफुलांवर तिथे राहणाऱ्यांचा हक्क आहे, हे २००६ सालच्या वनहक्क कायद्याने मान्य केले. हे माझ्या मैत्रिणीनेच मला सांगितले. तिच्या पाड्यावर त्यावर सभा झाली होती.

मुरबाडला मात्र आगगाडी नाही, तिकडे आमची एस.टी.च. तिच्यातून उतरून केलेली एक सहल मी विसरू शकत नाही. मी दहा-अकरा वर्षांची असेन. आत्या, तिच्या दोन मैत्रिणी व आम्ही पोरेसोरे वैशाखरे गावाकडून नाणेघाट चढलो. पहाटे निघालो म्हणून ऊन लागले नाही. जुन्या काळी कोकणातून जुन्नरकडे जाणारा व्यापार याच वाटेने चाले. वर एक मोठा दगडी रांजण आहे. व्यापारी जकातीची नाणी त्यात टाकीत असे सांगतात. आम्ही पोरांनी त्यात करवंदाच्या बिया टाकल्या.

माथ्याजवळ खडकात कोरलेली गुहा आहे व तिच्या भिंतींवर लेख आहे. तो दोन हजार वर्षांपूर्वीचा, ब्राह्मी लिपीतला व प्राकृत भाषेतला. मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा या लेखाचीही चर्चा झाली होती. आत्याने त्या दिवशी एवढेच सांगितले की हे एका राणीने लिहविले आहे. ती सातवाहनांची राणी नागनिका. राजा सातकर्णीच्या मागे तिने कारभार पाहिला असे मानतात. केलेल्या यज्ञांची व दिलेल्या दानांची, गाई, हत्ती, घोडे, नाणी, अशी सगळी मोजदाद तिथे आहे. गृहिणीचा जमाखर्चच म्हणा! राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्तीही तिथे होत्या. आता मूर्ती राहिल्या नाहीत, वर कोरलेली नावे तेवढी आहेत. लेखात राणीला महिनामहिना उपवास करणारी आणि घरात राहून तप करणारी असे म्हटले आहे. हे मला मोठेपणी वाचायला मिळाले, तेव्हा हसू आले. घरात राहून तप करणाऱ्या आपल्या मंडळात पुष्कळ निघतील, पण आपली नावे कोणी दगडावर कोरीत नाही.

त्या गुहेत सावलीला बसून आम्ही भाकऱ्या सोडल्या. टाक्यातले पाणी इतके गार होते की दात शिवशिवले. आत्याची एक मैत्रीण तरुणपणीच विधवा झालेली होती. गावात तिला कोणी हळदीकुंकवाला बोलवीत नसे. आत्या तिला म्हणाली, "ही राणी बघ. तिलाही नवरा नव्हता, आणि तिचं नाव दोन हजार वर्षं टिकलंय." ती काही बोलली नाही. पाणी पीत बसली.

आता चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचे लिहून पुरे करते. पूर्वी शहापुरात ते ठरावीक घरांतच होई. भिजविलेली हरभऱ्याची डाळ भरड वाटून, तीत किसलेली कैरी, वर हिंग-मोहरीची फोडणी. सोबत उकडलेल्या कैरीचे गूळ-वेलची घातलेले पन्हे आणि भिजविलेल्या हरभऱ्यांची ओटी. इतर आळ्यांतल्या बायांचा चैत्र मात्र आगोटीत जाई. पावसाळ्याची बेगमी म्हणजे आगोट, हे नव्या सुनांसाठी सांगते. पापड, कुरडया, फेण्या, मसाला कुटणे, सुकी मासळी भरणे. दहा घरांच्या बाया आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे लाटायला जमत. मजुरी नव्हे, हाताची परतफेड. तीही एक प्रकारची मौजच होती.

आपल्या मंडळाचे हळदीकुंकू सर्व आळ्यांचे झाले. मागच्या वर्षी आपण ठरविले की विधवा भगिनींनाही आमंत्रण द्यायचे. दोघी-तिघींनी नाके मुरडली, पण ठराव झाला. माझी करवंदवाली मैत्रीणही त्यांतलीच. ती प्रथम येईना. "आमचं काय काम तिथं, वयनी?" म्हणाली. मग आली ती मोठे टोपले घेऊन. त्यात मोहाच्या फुलांचे, तीळ घातलेले लाडू होते, आणि टोपल्यावर फडके नव्हते. चिटणीस बाईंनी ते डाळीच्या पातेल्याशेजारी मधोमध ठेवायला लावले. ज्यांनी नाके मुरडली होती त्यांतल्या एकीने दोन लाडू खाल्ले व तिसरा नातवासाठी मागून घेतला. दिवेलागणीपर्यंत टोपले रिकामे झाले. डाळ मात्र अर्धे पातेले उरली, ती आम्ही दुसऱ्या दिवशी संपविली.