तळटीप १४ : ‘रात्री दोनला निघालो’

१४. रात्री दोनला निघालो : लेखकाने हे एका ओळीत उरकले आहे, म्हणून थोडा विस्तार. गोंदियाच्या वाचकाला मे म्हणजे तेंदूपत्ता आणि उन्हाच्या झळा. हिमालयात मात्र हाच शिखरांचा हंगाम. मोसमी पावसाआधी अतिउंचावरचे जोरदार पश्चिमी वारे उत्तरेकडे सरकतात आणि माथ्यावर थोडे दिवस वारा पडतो. पण हिमनदीवर ऊन हाच धोका. हिवाळ्यातल्या बर्फाने खोल भेगांवर पूल धरलेले असतात. रात्रीच्या थंडीत ते घट्ट राहतात, दुपारी भुसभुशीत होऊन माणसाच्या वजनानेही ढासळू शकतात. म्हणून निघायचे मध्यरात्रीनंतर, सगळ्यांनी एकाच दोराला बांधून घेऊन, बुटांना क्रॅम्पॉनचे धारदार दात लावून. आपल्या पूर्व विदर्भाला ही वाट परकी नाही. मे २०१८मध्ये आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’तून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी ८,८४८ मीटरचे एव्हरेस्ट चढले. गोंदिया शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटरवर आहे. हे दोन आकडे वाचकाने शेजारी ठेवून पाहावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. — संपा.