सांधा लपवण्याची विद्या : लाकडी ठशापासून पडद्यापर्यंत

#थ्रेड

संकेतस्थळाच्या पार्श्वभूमीवर पसरलेली नक्षी पुष्कळदा एकाच लहानशा चौकोनाची असते. संगणक तोच चौकोन आडवा-उभा मांडत जातो. उजवी कड डावीशी आणि वरची कड खालचीशी अशी बेमालूम जुळते की सांधा दिसत नाही. ही युक्ती मात्र संगणकाने शोधलेली नाही.

जुन्या कैरोतील फुस्तात येथून छापील सुती कापडाचे अनेक तुकडे मिळाले आहेत. त्यांपैकी बरेचसे मध्ययुगात गुजरातेतून समुद्रमार्गे तिकडे गेलेले. तीच वेल, तेच फूल, हातभर कापडावर पुनःपुन्हा.

ठसा कोरणाऱ्याची खरी कसोटी मध्यावर नव्हे, कडेवर लागते. एका कडेवर तुटलेली पाकळी समोरच्या कडेवर नेमकी तिथूनच पुढे सुरू व्हावी लागते. कोपऱ्यांवरच्या बारीक खुणा जुळवत छापणारा पुढे सरकतो. केसभर चूक झाली तरी ती पुढच्या प्रत्येक ठशात वाढत जाते. शेजारची ओळ अर्ध्या ठशाने खाली सरकवली, तर डोळ्याला सरळ रेघाही सापडत नाहीत. आजचा आरेखक फोटोशॉपमध्ये चित्र अर्ध्याने सरकवून कडा मध्यभागी आणतो आणि तिथला सांधा पुसतो, तेव्हा तो हेच काम करत असतो.

या कापडाने, म्हणजे ठशाने छापलेल्या आणि कलमाने रंगवलेल्या चिटाने, सतराव्या शतकात युरोपला वेड लावले. तिथले विणकर धास्तावले. फ्रान्सने १६८६ मध्ये अशा कापडाची आयात आणि देशांतर्गत छपाई दोन्ही बंद केली. ती बंदी १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडने १७०० च्या कायद्याने देशातील वापरासाठीची आयात रोखली आणि १७२१ मध्ये बहुतेक छापील सुती कापड अंगावर घालण्यासही मनाई केली. नक्षीवर खटले भरण्याइतकी ती नक्षी मोहक होती!

मग १७८३ मध्ये थॉमस बेल या स्कॉटिश माणसाने तांब्याच्या कोरीव रुळाने छपाई करण्याचे पेटंट घेतले. रूळ गोल असल्यामुळे नक्षीचा शेवट तिच्याच आरंभाला भिडतो. कारागिराने हाताने साधलेली जुळणी आता यंत्राच्या आकारातच बसवलेली होती. किती अंतराने नक्षी पुन्हा येणार, हे रुळाचा परीघ ठरवू लागला.

यापुढचा प्रसंग अधिक बोचरा आहे. १८६६ मध्ये इंडिया ऑफिसमधील जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी भारतीय कापडाचे ७०० नमुने १८ खंडांत चिकटवले. असे २० संच तयार झाले, म्हणजे अस्सल कापडाचे १४,००० तुकडे. पैकी १३ संच ब्रिटनमध्ये वाटले गेले, ७ भारतात. हिंदुस्थानी गिऱ्हाईक काय पसंत करते हे तिकडच्या गिरणीवाल्यांना समजावे, हा हेतू उघड होता. नमुन्यासोबत माप, वजन, ठिकाण अशा नोंदी होत्या; कारागिराचे नाव नव्हते. याला संग्रह म्हणावे की नक्कल करण्याची सोय? दोन्ही म्हणता येईल. पण फायदा कोणाच्या पदरात पडला, याविषयी संशय उरत नाही.

सपाट पृष्ठभागावर नक्षी दोन दिशांनी पुनरावृत्त करण्याचे सममितीच्या दृष्टीने १७ च प्रकार संभवतात, हे रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फेदोरोव्ह यांनी १८९१ मध्ये सिद्ध केले. कारागिरांनी त्यासाठी गणिताची वाट पाहिली नव्हती.

१९८४ च्या मॅकिंटॉशकडे अवघी १२८ किलोबाइट स्मृती होती. ५१२ × ३४२ ठिपक्यांचा कृष्णधवल पडदा पूर्ण साठवायला सुमारे २२,००० बाइट लागत. पण ८ × ८ ठिपक्यांची नक्षी केवळ ८ बाइटांत मावे. सुझान केअर यांनी या चिमुकल्या चौकोनात विटा, खवले, विणी बसवल्या. ठसाही लहान, आणि स्मृती महाग म्हणून चौकोनही लहान!

१९९५ मध्ये नेटस्केप १.१ ने वेबपानामागे चित्र घालण्याची सोय दिली, आणि मंद मोडेमच्या त्या काळात छोटे चित्र पानभर मांडणे साहजिकच लोकप्रिय झाले. पुढच्याच वर्षी सीएसएसचा पहिला मसुदा प्रमाण ठरला. त्यात पार्श्वभूमीच्या चित्राविषयी काहीच सांगितले नाही, तर ते दोन्ही दिशांना पुनःपुन्हा छापले जाते. तो नियम आजही तसाच आहे.