सिल्व्हिया पिनाल आणि बंदी घातलेला एक चित्रपट

मे १९६१. कान महोत्सवात स्पेनच्या वतीने दाखवलेल्या 'विरिदियाना'ला सर्वोच्च 'पाम दोर' विभागून मिळाले. स्पेनच्या चित्रपट खात्याच्या महासंचालकांनी स्वतः तो सन्मान स्वीकारला. लगोलग व्हॅटिकनच्या मुखपत्राने चित्रपटावर धर्मनिंदेचा ठपका ठेवला. फ्रँको राजवटीने बंदी घातली आणि महासंचालकांचे पदही गेले.

चित्रपटाची नायिका मात्र स्पॅनिश नव्हती. सिल्व्हिया पिनाल यांचा जन्म मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातील ग्वायमास या बंदरगावी झाला. पेद्रो इन्फान्ते यांच्यासोबतच्या 'एल इनोसेन्ते'सारख्या चित्रपटांनी त्यांना लोकप्रिय केले होते. १९५६ मध्ये दिएगो रिव्हेरा यांनी त्यांचे चित्रही रंगवले. लोकप्रियतेची ददात नव्हती, तरी त्यांना लुईस बुन्युएल यांच्यासोबत काम करायचे होते.

बुन्युएल हे स्पेनच्या यादवी युद्धानंतर परागंदा झालेले, पुढे मेक्सिकोचे नागरिक बनलेले दिग्दर्शक. पिनाल यांचे पती गुस्ताव्हो आलात्रिस्ते मूळचे फर्निचरचे व्यापारी. त्यांनी पैसा उभा केला आणि दिग्दर्शकाच्या कामात ढवळाढवळ केली नाही. निर्मात्यांमध्ये हा गुण दुर्मीळच!

सेन्सॉरचा किस्सा तर मासलेवाईक आहे. मूळ शेवटात नायिका रात्री चुलतभावाच्या खोलीत शिरते आणि दार बंद होते. अधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला. बुन्युएल यांनी मग ती, चुलतभाऊ आणि मोलकरीण असे तिघे पत्ते खेळत बसल्याचे दाखवले. हा शेवट आधीपेक्षा अधिक सूचक होता, आणि तो मंजूर झाला!

स्पेनमधील प्रती नष्ट करण्याचे आदेश निघाले, परंतु देशाबाहेरच्या प्रती वाचल्या. निर्मितीत मेक्सिकोचा वाटा असल्याने चित्रपटाला त्या देशाचे नाव लावता आले. स्पॅनिश प्रेक्षकांना तो पाहायला मिळाला थेट १९७७ मध्ये, फ्रँकोच्या मृत्यूनंतर.

पिनाल यांनी बुन्युएल यांच्यासोबत आणखी दोन चित्रपट केले. 'सिमोन देल देसिएर्तो'मध्ये (१९६५) त्या चक्क सैतान झाल्या. पैशाअभावी तो चित्रपट जेमतेम पाऊण तासाचा राहिला.

त्यांच्या मुलीचे नावही विरिदियाना. १९८२ मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, ती मोटार अपघातात गेली. ती स्वतःही अभिनेत्री होती.

१९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपाने मेक्सिको सिटी उद्ध्वस्त झाली. आपद्ग्रस्तांना मदत मिळावी या हेतूतून पिनाल यांचा 'मुहेर, कासोस दे ला विदा रेआल' हा दूरचित्रवाणी कार्यक्रम उभा राहिला. पुढे त्यात सामान्य स्त्रियांच्या खऱ्या व्यथांचे नाट्यरूपांतर होऊ लागले. घरातल्या मारहाणीसारखे झाकून ठेवले जाणारे विषय दिवाणखान्यात आले. बुन्युएलच्या अभ्यासकांना ही मालिका बटबटीत वाटेलही, पण ती २००७ पर्यंत चालली. ज्यांनी 'विरिदियाना' कधी पाहिला नाही, अशा असंख्य घरांत पिनाल ओळखल्या जात होत्या त्या या कार्यक्रमामुळे. २८ नोव्हेंबर २०२४ रोजी मेक्सिको सिटीत त्यांचे निधन झाले.