रंजक-संवेदित सौर घट : आयोडीन व त्याचे उत्तराधिकारी

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सौर घटांसाठी स्क्वारेन वर्गातील रंजकांवर संशोधन झाले आहे. या रंजकांच्या रेणूंना हेतुपुरस्सर लांब अल्किल साखळ्या जोडण्यात येतात. त्यांचे प्रयोजन समजण्यासाठी घटातील रेडॉक्स मध्यस्थाचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे.

१९९१ साली लोझान येथील ओ'रेगन व ग्रेट्सेल यांनी सुमारे ७ टक्के कार्यक्षमतेच्या घटाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात टिटॅनियम डाय-ऑक्साइडच्या थरावरील रंजक प्रकाश शोषून थराला इलेक्ट्रॉन देते, आणि रंजकातील उणीव द्रवातील मध्यस्थ भरून काढतो. हे काम आयोडाइड-ट्रायआयोडाइड या जोडीकडे होते. थरातील इलेक्ट्रॉन ट्रायआयोडाइड सावकाश पकडते. त्यामुळे वीज घटातच वाया जात नाही. या जोडीच्या दीर्घ वर्चस्वाचे मुख्य कारण हेच होय. परंतु तिची ऊर्जापातळी रंजकाच्या पातळीपासून दूर असल्याने व्होल्टतेचा मोठा अंश व्यर्थ जातो. शिवाय आयोडीन चांदीसारखे धातू खाते. १९९३ मध्ये १० टक्क्यांवर पोहोचलेली कार्यक्षमता पुढील दीड दशकात फारशी वाढली नाही.

कोबाल्टच्या जटिल संयुगांनी व्होल्टता वाढविता येईल, हे पूर्वीच दिसले होते. मात्र कोबाल्टचे आयन इलेक्ट्रॉन त्वरित परत घेतात, आणि आकाराने मोठे असल्यामुळे द्रवातून संथपणे सरकतात. २०१० साली स्वीडनमधील संशोधकांनी अवजड शाखा असलेले सेंद्रिय रंजक वापरले. त्या शाखांनी कोबाल्टला थरापासून दूर ठेवले आणि व्होल्टता ०.९ च्या वर गेली. २०११ साली जस्त-पॉर्फिरिन रंजकासह कोबाल्टने १२.३ टक्के कार्यक्षमता गाठली.

त्यानंतर तांब्याची संयुगे पुढे आली. त्यांच्या साहाय्याने व्होल्टता १ च्या पलीकडे गेली. २०१७ साली घरातील दिव्यांच्या मंद प्रकाशात २८.९ टक्के, तर २०२२ साली प्रमाणित सूर्यप्रकाशात १५.२ टक्के कार्यक्षमता नोंदली गेली.

या इतिहासावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मध्यस्थ एकटा बदलून भागत नाही. त्याच्याबरोबर रंजकाची घडणही बदलावी लागते. स्क्वारेन रंजके तांबड्या व निकट अवरक्त भागातील प्रकाश प्रकर्षाने शोषतात, परंतु त्यांचे रेणू एकमेकांस चिकटतात. अल्किल साखळ्या हे चिकटणे रोखतात आणि मध्यस्थालाही थरापासून अलग राखतात. आयोडीनच्या संथपणामुळे जे संरक्षण आपोआप लाभत होते, ते आता रंजकाच्या रचनेतून साधावे लागते. उत्तराधिकाऱ्यांच्या यशाचे मर्म येथेच आहे.