टेकडीआडचा कारखाना

शाळेच्या मुलांना नेणाऱ्या मिनी बसवर किंवा मालाच्या लहान ट्रकवर ‘स्वराज माझदा’ ही अक्षरं आपल्यापैकी अनेकांनी वाचली असतील. पंजाबात १९८०च्या दशकात सुरू झालेल्या या कंपनीने २०११ मध्ये नाव बदललं, पण जुन्या गाड्यांमुळे ते नाव आपल्याला परकं वाटत नाही. त्यातल्या ‘स्वराज’चा अर्थ कुणाला सांगायला नको. ‘माझदा’चा अर्थ मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. आज त्या शब्दामागच्या जपानी कंपनीविषयी आणि तिच्या गावाविषयी मला बोलायचं आहे. गावाचं नाव आहे हिरोशिमा.

आधी शब्दाकडे पाहू. मुंबईतले पारशी बांधव ज्या अहुर मज्दाची उपासना करतात, त्याच्याच नावावरून हे नाव घेतलेलं आहे. अवेस्तातला ‘मज्द’ आणि आपल्या संस्कृतातली ‘मेधा’ हे शब्द एकाच कुळातले. म्हणजे प्रज्ञेचा देव. शिवाय हे नाव कारखान्याचे सूत्रधार जुजिरो मात्सुदा यांच्या आडनावाशी जुळणारं होतं. जपानी माणूस आजही या कंपनीचं नाव उच्चारतो ते ‘मात्सुदा’ असंच. एका शब्दात देवाचं नावही आलं आणि घराण्याचंही.

या घराण्यात मुळात गाड्यांचा काही संबंध नव्हता. जुजिरो हे हिरोशिमाजवळच्या एका कोळी कुटुंबात १८७५ मध्ये जन्मले. पोरवयात ते ओसाकाला लोहाराच्या हाताखाली काम शिकायला गेले. पुढे त्यांनी पंप बनवले, कारखाने काढले, ते हातातून गेले, पुन्हा उभे केले. १९२० मध्ये हिरोशिमात एक कंपनी स्थापन झाली, ती बाटल्यांना लावायचं बूच बनवण्यासाठी. पहिल्या महायुद्धात परदेशी बूच येईनासं झालं होतं, म्हणून जपानी ओकच्या सालीपासून ते बनवायचं, असा बेत होता. १९२१ मध्ये जुजिरो तिचे अध्यक्ष झाले. पण युद्ध संपल्यावर परदेशी माल पुन्हा येऊ लागला, आणि १९२५ मध्ये कारखान्याला मोठी आग लागली. बुचाचा धंदा करून भागणार नाही हे ओळखून जुजिरोंनी यंत्रांकडे मोर्चा वळवला. १९२७ मध्ये कंपनीच्या नावातून बूच गेलं आणि ‘तोयो कोग्यो’ हे नाव उरलं.

१९३१ मध्ये त्यांनी पहिलं वाहन काढलं. ते होतं तीन चाकांचं मालवाहू वाहन. पुढे मोटारसायकलचं तोंड, मागे हौदा. आपल्याकडचा तीनचाकी टेम्पो डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल. ‘माझदा’ हे नाव प्रथम लागलं ते या तीनचाकीला. १९३६ मध्ये कंपनीने ही वाहनं कागोशिमाहून निघून थेट टोकियोपर्यंत रस्त्याने नेली. वाटेत गावोगावी लोकांना ती दाखवली. भाजीवाला, कोळसेवाला, लाकडाचा व्यापारी हे तिचं गिऱ्हाईक होतं.

पुढे युद्ध आलं. या काळात तोयो कोग्योच्या कारखान्यात सैन्यासाठी रायफली बनत होत्या. कंपनीची कहाणी सांगताना हा भाग अनेकदा घाईने उरकला जातो. तो उरकू नये असं मला वाटतं. हिरोशिमा हे निरपराध माणसांचं शहर होतं, आणि ते लष्करी ठाणंही होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

६ ऑगस्ट १९४५ हा जुजिरोंचा सत्तरावा वाढदिवस. त्या सकाळी ते केस कापून घ्यायला शहरात गेले होते. काम लवकर आटोपलं आणि ते मोटारीतून परत निघाले. सव्वाआठ वाजता बॉम्ब पडला. ते वाचले. त्यांचा एक मुलगा मात्र त्या दिवशी गेला. शहरात कामावर पाठवलेले कारखान्याचे शंभराहून अधिक लोकही गेले. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत हिरोशिमातल्या मृतांचा आकडा सुमारे १ लाख ४० हजारांवर गेल्याचा अंदाज आहे.

कारखाना स्फोटाच्या केंद्रापासून साधारण पाच किलोमीटरवर होता. मधे हिजियामा नावाची सत्तरेक मीटर उंचीची टेकडी. त्या टेकडीने आघाताचा बराचसा भाग अडवला. छपरं उडाली, काचा फुटल्या, पण इमारती उभ्या राहिल्या. कारखाना वाचला तो अंतरामुळे आणि एका टेकडीमुळे. त्यात जिद्द नव्हती की पराक्रम नव्हता. जिद्दीचा प्रश्न आला तो दुसऱ्या दिवसापासून.

होरपळलेली माणसं चालत त्या कारखान्याकडे येऊ लागली. तिथे दवाखाना झाला, निवारा झाला. शहरात सरकारी कचेरीसाठी इमारत शिल्लक नव्हती, म्हणून हिरोशिमा प्रांताचा कारभार ऑगस्टमध्येच तोयो कोग्योच्या इमारतीत आला आणि पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत तिथूनच चालला. न्यायालय, वृत्तपत्र आणि नभोवाणी केंद्र यांनाही तिथेच जागा मिळाली. म्हणजे जवळजवळ वर्षभर एका कारखान्याच्या आवारात अख्ख्या शहराचा संसार थाटला होता. आणि १९४५ साल सरण्याआधी, डिसेंबरात, तीनचाकींचं उत्पादन पुन्हा सुरू झालं. शहर उभारायचं तर लाकूड, विटा, तांदूळ वाहून न्यायला वाहन हवं होतं. ते वाहन गावातच तयार होत होतं.

माझदाच्या नावाभोवती हिरोशिमात जो जिव्हाळा आहे, त्याचं मूळ मला इथे दिसतं. पण जिव्हाळा आणि जगातली पत या दोन वेगळ्या गोष्टी. जगात माझदाची पत झाली ती एका इंजिनामुळे, आणि त्याच इंजिनाने कंपनीला बुडवण्याच्या काठावर नेलं.

१९६०च्या सुमारास जपान सरकारचा विचार असा होता की मोटार कंपन्या फार झाल्या, त्यांचे दोन-तीन मोठे गट करावेत. तोयो कोग्योने आपली पहिली प्रवासी मोटार नुकतीच, १९६० मध्ये काढली होती. अशी उशिरा आलेली लहान कंपनी कुणाच्या तरी पोटात जाणार हे उघड होतं. जुजिरोंचे पुत्र त्सुनेजी मात्सुदा तेव्हा अध्यक्ष होते. वेगळं राहायचं तर आपल्याकडे असं काही हवं की जे दुसऱ्या कुणाकडे नाही, हे त्यांनी ताडलं. १९६१ मध्ये त्यांनी जर्मनीतल्या एनएसयू कंपनीशी करार केला आणि फेलिक्स वांकेल यांच्या रोटरी इंजिनाचे हक्क मिळवले.

हे इंजिन म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. नेहमीच्या इंजिनात दट्ट्या वरखाली होतो आणि त्या हालचालीचं फिरण्यात रूपांतर करावं लागतं. रोटरीत दट्ट्याच नाही. कमरेत किंचित दबलेल्या लंबगोल पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण गरगर फिरतो आणि त्याच्या तीन बाजूंना इंधन आत घेणं, दाबणं, जाळणं, धूर बाहेर टाकणं हे सगळं आळीपाळीने होत राहतं. इंजिन लहान, हलकं आणि कमालीचं गुळगुळीत चालणारं. कागदावर याहून सुंदर काही नाही.

प्रत्यक्षात मात्र त्रिकोणाच्या टोकांना बसवलेल्या पट्ट्या पोकळीच्या भिंतीवर थरथरत आणि थोड्याच तासांत तिथे आडवे ओरखडे उमटत. हिरोशिमाच्या अभियंत्यांनी त्यांना नाव दिलं ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’. १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली या कामासाठी स्वतंत्र विभाग झाला. त्यात सत्तेचाळीस जण होते. जपानच्या इतिहासात धन्यासाठी प्राण देणारे सत्तेचाळीस सामुराई प्रसिद्ध आहेत, त्यामुळे या मंडळींनाही तेच नाव चिकटलं. अनेक धातू, अनेक आकार करून पाहिल्यावर कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्या मिश्रणाची पट्टी टिकली. ३० मे १९६७ रोजी ‘कॉस्मो स्पोर्ट’ बाजारात आली. दोन रोटरांचं इंजिन असलेली ती जगातली पहिली मोटार. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या नुरबुर्गरिंगवर झालेल्या ८४ तासांच्या शर्यतीत ती चौथी आली.

त्याच १९६७ मध्ये एनएसयूनेही आपली दोन रोटरांची मोटार काढली. तिची इंजिनं लवकर झिजू लागली, हमीपोटी ती बदलून देता देता कंपनीचं कंबरडं मोडलं आणि १९६९ मध्ये ती फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली. ज्यांच्याकडून विद्या घेतली ते गुरुजी गेले, शिष्य राहिला.

शिष्याला मग गर्व झाला असं म्हणायला हरकत नाही. एकामागून एक मॉडेलमध्ये रोटरी इंजिन बसवलं गेलं. अमेरिकेत गाड्या भराभर खपू लागल्या. आणि १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं. अमेरिकी सरकारच्या चाचणीत रोटरी गाडी शहरात गॅलनला जेमतेम दहा-अकरा मैल जाते असं निघालं. पेट्रोलपंपांवर रांगा लागलेल्या त्या दिवसांत हा आकडा म्हणजे मृत्युलेखच होता. विकल्या न गेलेल्या गाड्यांनी गोदामं भरली. सुमितोमो बँकेने आपले अधिकारी आणून बसवले. १९७७ मध्ये मात्सुदा घराण्याच्या तिसऱ्या पिढीतले कोहेई मात्सुदा अध्यक्षपदावरून पायउतार झाले.

धोका एका कंपनीपुरता नव्हता. सुटे भाग बनवणारे लहान कारखाने, त्यांचे कामगार, त्या कामगारांना किराणा देणारे दुकानदार, अशी अख्खी हिरोशिमा त्या दोरीला लटकलेली होती. अशा वेळी जे झालं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. कंपनीने सरसकट कामगार कपात केली नाही. कारखान्यातल्या हजारो कामगारांना गाड्या विकायला गावोगावच्या विक्रेत्यांकडे पाठवलं. आयुष्यभर नट-बोल्ट आवळणारी माणसं दारोदार जाऊन अनोळखी माणसासमोर वाकू लागली. ते सोपं नव्हतं आणि सगळ्यांना जमलंही नाही. इकडे हिरोशिमातल्या व्यापारी-उद्योजकांनी ‘आपल्या गावची गाडी घ्या’ अशी मोहीम चालवली.

याच सुमाराची आणखी एक गोष्ट. हिरोशिमाचा बेसबॉल संघ ‘कार्प’ हा १९४९ मध्ये स्थापन झाला, तेव्हा पैसे नव्हते म्हणून मैदानाच्या दाराशी दारूची रिकामी पिंपं ठेवून नागरिकांकडून वर्गणी गोळा करत. पुढे तोयो कोग्योने त्याला आधार दिला. वर्षानुवर्षं तळाशी राहिलेला हा संघ १९७५ मध्ये प्रथमच आपल्या लीगचा विजेता ठरला. गावचा कारखाना अखेरच्या घटका मोजत होता, त्याच वर्षी.

कारखाना वाचला, पण किंमत देऊन. १९७९ मध्ये अमेरिकेच्या फोर्डने २५ टक्के हिस्सा घेतला. पुढे १९९६ मध्ये तो ३३.४ टक्के झाला आणि हेन्री वॉलेस अध्यक्ष झाले. जपानी मोटार कंपनीचे ते पहिले परदेशी अध्यक्ष. वेगळं राहण्यासाठी जे इंजिन आणलं, त्यानेच अखेर परक्याच्या हाती दोरी दिली, असा हा उलटा न्याय.

तरीही ते इंजिन टाकलं गेलं नाही. ‘इतका खर्च झाला, आता सोडा’ असं शहाणपण सांगणारे पुष्कळ असणार. पण अभियंत्यांनी इंधनाचा खप ४० टक्क्यांनी कमी करण्याचं लक्ष्य ठेवलं आणि १९७८ मध्ये आरएक्स-७ ही मोटार काढली, ती जगभर गाजली. यामामोतो स्वतः १९८४ मध्ये अध्यक्ष झाले. त्याच वर्षी कंपनीने ‘माझदा’ हे नाव रीतसर घेतलं. १९८९ मध्ये आलेली एमएक्स-५ ही छोटी उघडी मोटार साध्या इंजिनाचीच, पण २०१६ पर्यंत ती दहा लाखांवर बनली. आणि १९९१ मध्ये फ्रान्समधल्या ल मांसच्या २४ तासांच्या शर्यतीत रोटरी इंजिनाची ७८७बी पहिली आली. तिथे जिंकलेली ती पहिली जपानी गाडी. दुसऱ्या जपानी कंपनीला, म्हणजे टोयोटाला, तिथे जिंकायला २०१८ साल उजाडलं.

रोटरीची शेवटची क्रीडामोटार २०१२ मध्ये बंद झाली. फोर्डनेही २०१५ पर्यंत आपला उरलासुरला हिस्सा विकला. २०१७ मध्ये टोयोटाने पाच टक्क्यांच्या आसपास हिस्सा घेतला. २०२३ मध्ये रोटरी इंजिन परत आलं, पण चाकं फिरवण्यासाठी नव्हे, तर विजेच्या मोटारीत बॅटरी भरण्यासाठी.

हे सगळं ऐकून आपण टाळ्या वाजवू, तेवढ्यात २०२४ साल आठवतं. त्या जूनमध्ये टोयोटा, होंडा यांच्याबरोबर माझदानेही कबूल केलं की सरकारी मान्यतेच्या चाचण्यांत नियम मोडले गेले. काही मॉडेलच्या इंजिनचाचणीत नियंत्रणाची आज्ञावली बदलली होती, तर काही जुन्या मॉडेलच्या टकरीच्या चाचणीत एअरबॅग संवेदकाऐवजी ठरावीक वेळ लावून उघडली होती. दोन मॉडेलची रवानगी थांबवावी लागली. ज्यांनी ओरखडे लपवले नाहीत, त्यांना सैतानाचं नाव देऊन वर्षानुवर्षं त्यांच्याशी झुंज घेतली, त्यांच्याच घरात ही पळवाट निघावी याची मला खंत वाटते. इंजिनातला दोष दिसतो, आवाज करतो. कागदावरचा दोष गप्प असतो, म्हणून तो अधिक घातक.

कंपनीचं नाव भांडवलासारखं असतं असं म्हणतात. मला ते उधारीसारखं वाटतं. १९४५ मध्ये कारखान्याने गावाला आसरा दिला, १९७५ मध्ये गावाने ते फेडलं, आणि आता पुन्हा देणं कारखान्याकडे आहे. हिजियामा अजून तिथेच आहे. पण या वेळी ती काही अडवू शकणार नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)