तीन मिनिटांचं ल्युसीन

साल 1966. न्यूयॉर्कमध्ये ईस्ट नदीच्या काठी, रॉकफेलर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तुम्ही उभे आहात. समोर 37 अंशांच्या पाण्यात काचेचे चंबू सावकाश हलताहेत. त्यांत गिनीपिगच्या स्वादुपिंडाचे काप आहेत. प्राणी मेलेला आहे, पण प्राणवायू आणि अन्न मिळतंय तोवर या कापांतल्या पेशी काम सोडत नाहीत. त्यांचं काम म्हणजे पाचक एन्झाइम, अर्थात प्रथिनं, तयार करून आतड्याकडे रवाना करणं.

संशोधक जेम्स जेमिसन चंबूत ल्युसीन घालतात. अमिनो आम्ल नेहमीचंच, फक्त त्यातल्या काही हायड्रोजनच्या जागी किरणोत्सारी ट्रिटियम आहे. वेळ मोजा. तीन मिनिटं झाली की काप धुतले जातात आणि साध्या ल्युसीनच्या भरपूर पुरवठ्यात ठेवले जातात. आळंदीहून निघालेल्या वारीत तीनच मिनिटं गुलाबी फेटेवाले सोडावेत, पुढेमागे सगळ्या पांढऱ्या टोप्या, आणि मग गुलाबी रंग दिवे घाटात कधी दिसतो, जेजुरीला कधी पोचतो ते पाहावं, तशी ही युक्ती. जिवंत प्राण्याला टोचून असे प्रयोग आधी झाले होते, पण ल्युसीन रक्तात रेंगाळायचं आणि सुरुवात-शेवट पुसट व्हायचा. कापांमुळे ती अडचण मिटली.

आता त्याच तीन मिनिटांत पेशीच्या आत शिरा. तुम्ही तळाशी आहात. चहूकडे पडद्यांच्या चपट्या पिशव्या, एकीवर एक, आणि त्यांच्या बाहेरच्या अंगाला चिकटलेले रायबोसोम. ही खडबडीत आंतर्द्रव्यजालिका. शेजारच्या रायबोसोमवर सेकंदाला पाच-सहा अमिनो आम्लांच्या वेगाने साखळी वाढतेय आणि तिचं टोक पडद्यातल्या अरुंद वाटेने आत सरकतंय. ते टोक नीट पाहा. पहिली वीसेक अमिनो आम्लं म्हणजे केवळ खूण आहे: हे प्रथिन आत घ्यायचं. आत शिरताना ती कापून टाकली जाते. अशी खूण असते, हे बाहेर चंबूपाशी उभ्या असलेल्या कुणालाही अजून ठाऊक नाही. गुंटर ब्लोबेल आणि डेव्हिड सबातिनी ती कल्पना याच विद्यापीठात 1971 मध्ये मांडतील.

आत साखळीला घडी पडते. गंधकाचे बंध जुळतात. काही प्रथिनांवर 14 शर्करांचा तयार गठ्ठा एकदम चढवला जातो. अर्धवट घडीच्या साखळीला मदतनीस प्रथिनं धरून ठेवतात. इथे जरा थांबा, कारण साऱ्या प्रवासातली सगळ्यात मोलाची जागा मला हीच वाटते. ज्याची घडी बसली नाही त्याला सहसा पुढे सोडत नाहीत. ते जालिकेबाहेर ओढून तोडलं जातं. प्रथिन बनलं म्हणजे काम झालं, असं पेशी मानतच नाही.

पुन्हा माणसाएवढे व्हा आणि अंधाऱ्या खोलीत या. ठरावीक मिनिटांनी एकेक काप रसायनात बुडवून जागच्या जागी थांबवलेला आहे. त्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे कापलेत, त्यांवर फोटोच्या फिल्मवर असतो तसा चांदीच्या क्षाराचा पातळ थर दिलाय आणि सगळं अंधारात ठेवून दिलंय. ट्रिटियमचे इलेक्ट्रॉन जिथे थडकतील तिथे चांदी काळी पडणार. ही वाट पाहणं आठवड्यांचं आहे. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तुम्हाला करड्या पेशीवर काळी, वेडीवाकडी वेटोळी दिसतात. ती मोजायची, एकेक, आणि कशाच्या डोक्यावर बसलीत ते लिहायचं.

तीन मिनिटांच्या कापात शंभरातली सुमारे 86 वेटोळी जालिकेवर आहेत. आणखी 7 मिनिटांनी मोठा वाटा पुढच्या थांब्यावर, म्हणजे गॉल्जी संकुलाच्या कडेला, बारीक पुटिकांवर. 37 मिनिटांनी जवळपास निम्मी मोठ्या पोकळ्यांवर, जिथे प्रथिनं दाटत जातात. 117 मिनिटांनी निम्म्याहून जास्त वेटोळी पेशीच्या शेंड्याकडच्या गर्द कणांवर, सोडण्याच्या तयारीत. पूर्ण वेळ ही प्रथिनं पडद्याआडच आहेत, पेशीद्रवात मोकळी कुठेच नाहीत. प्रथिनं पचवणारी एन्झाइम मोकळी सुटली तर पेशीच पचेल. त्यातलं ट्रिप्सिन तर ट्रिप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात जातं आणि आतड्यात पोचल्यावरच जागं होतं.

1898 मध्ये पाव्हियात कामिल्लो गॉल्जींनी घुबडाच्या चेतापेशींत हे संकुल पहिल्यांदा पाहिलं, तेही चांदीच्याच रंगकामाने. कित्येक वर्षं अनेकांना तो रंगाचा डाग वाटत होता. तो डाग नाही आणि त्याचं काम काय, याचं उत्तर या मोजणीत आहे.

दोन वर्षं पुढे चला, 1968. जेमिसन आणि त्यांचे मार्गदर्शक जॉर्ज पलाडे आता एका औषधाने नवी प्रथिनं बनणंच बंद करतात. आधी बनलेली तरीही पुढे सरकत राहतात. म्हणजे मागून येणारी पुढच्यांना ढकलत नाहीत. पण पेशीची ऊर्जा तोडली की जालिकेतून गॉल्जीकडे जाणं थांबतं. वाहतुकीला स्वतःचा वेगळा खर्च आहे, हे इथे कळलं. मला हा प्रयोग पहिल्याइतकाच थोर वाटतो. रुमानियात जन्मलेल्या पलाडेंना 1974 चं नोबेल अल्बेर क्लोद आणि क्रिस्तियान द ड्यूव्ह यांच्यासह मिळालं.

घडी न बसलेल्याला अडवणारी जालिकेतली ती जागा एका आजारातही दिसते. 1989 मध्ये सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांच्या जीवघेण्या आजारामागचं जनुक सापडलं. त्याच्या प्रथिनात 1,480 अमिनो आम्लं आहेत. बहुतेक रुग्णांत 508 व्या जागचं एकच गळालेलं असतं. प्रथिन बनतं, पण घडी नीट बसत नाही म्हणून जालिका त्याला अडवते आणि ते तोडलं जातं. 2019 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या तीन औषधांच्या गोळीतली दोन औषधं त्या प्रथिनाला घडी बसवायला मदत करतात. मग ते पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोचतं आणि रुग्णाचा श्वास सुधारतो.