कोशिंबिरीतली कोथिंबीर

चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायकांच्या हातात जे पडतं, त्यातलं फारसं काही चुलीवर रेंगाळलेलं नसतं. आंब्याची डाळ, पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे, असतील तर काकडीच्या नाहीतर कलिंगडाच्या फोडी. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेला उठते. मधल्या महिनाभरात दर घरी एखादी संध्याकाळ याच बेतावर निभावते. गौर बसल्यावर सहा दिवसांनी रामनवमी येते, आणि त्या दिवशी कर्नाटकात कोसंबरी आणि पानक वाटतात. कोसंबरी म्हणजे तास-दोन तास भिजवून निथळलेली मुगाची डाळ, बारीक चिरलेली काकडी, ओलं खोबरं, लिंबू, वरून मोहरीची फोडणी आणि मूठभर कोथिंबीर. काही घरांत मुगाऐवजी हरभऱ्याची डाळ असते. तेलुगू मुलखात त्याच दिवशी वडपप्पू आणि पानकम असतं. वडपप्पू म्हणजे पुन्हा भिजवलेली मूगडाळच. म्हणजे ऐन उन्हाळ्यात भिजवलेली कच्ची डाळ आणि गुळाचं गार पेय ही जोडी अर्धं दख्खन मांडतं, आपण तीत कैरी घालतो इतकंच. पानक आणि पन्हं हा एकच शब्द आहे, त्यावर वेळ घालवायला नको. कोसंबरी आणि कोशिंबीर हाही एकच शब्द, हे कानाला लगेच कळतं. तरी एक गाठ राहते. त्यांची कोसंबरी डाळीची, आपल्या कोशिंबिरीत डाळीचा दाणा नाही. आणि आपली जी डाळ हुबेहूब कोसंबरीसारखी आहे, तिला आपण कोशिंबीर म्हणत नाही. ही गाठ सोडवायची तर पदार्थाकडे बघून भागत नाही. सुरुवात एका यमकापासून करावी लागते.

मराठीत कोथिंबीर आणि कोशिंबीर. एका अक्षराचा फरक, आणि तो इतका सवयीचा की त्यावर अडखळायला होत नाही. आता कन्नड बघा. तिथे कोथिंबिरीला म्हणतात कोत्तंबरी, आणि हा पदार्थ कोसंबरी. शेपूट बदललं, पण दोन्ही शब्दांचं सारखंच बदललं. तमिळमध्ये कोथिंबीर म्हणजे कोत्तमल्ली, आणि पदार्थ कोसुमल्ली. इथे तर शेपूट पुरतं वेगळं आहे, ‘मल्ली’, आणि स्वयंपाकघरात नुसतं मल्ली म्हटलं तरी तमिळ माणूस धनेच समजतो. एका भाषेत दोन शब्दांचं यमक जुळलं तर तो योगायोग म्हणून सोडता येतो. तीन भाषांमध्ये, प्रत्येकीत वेगळ्या शेपटावर, तेच दोन शब्द जोडीने चालत असतील तर योगायोग म्हणायला जीभ कचरते. माझं म्हणणं एवढंच: कोशिंबिरीचं नाव कोथिंबिरीवरून पडलं आहे, आणि ते एकदा मान्य केलं की हरवलेल्या डाळीचाही पत्ता लागतो.

कोथिंबिरीचं स्वतःचं कुळ बरंच जुनं. संस्कृतात तिचं नाव कुस्तुंबुरू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिखट-कडू जिनसांच्या यादीत पिंपळी, मिरी, आलं, मोहरी यांच्या पंगतीत ती बसलेली आहे. त्याही आधी पाणिनीला हा शब्द खटकला होता. अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादात, 143व्या सूत्रात, खास या एका शब्दासाठी त्याने सोय केली आहे. तुंबुरू नावाची फळं वाईट निघाली तर ती साधी ‘कुतुंबुरू’, पण एका जातीच्या वनस्पतीचं नाव म्हणून बोलायचं असेल तर मध्ये ‘स्’ येतो आणि ‘कुस्तुंबुरू’ होतं. एका मसाल्यासाठी व्याकरणात स्वतंत्र सूत्र लागावं, यावरूनच हा शब्द बाहेरून आलेला असावा असा संशय येतो. अनेक भाषाभ्यासकांना तो मूळ संस्कृत वाटत नाही. पुढचा प्रवास मात्र सरळ आहे. ‘पुस्तक’ची पोथी झाली त्याच वाटेने ‘कुस्तुंबुरू’ची कोथिंबीर झाली: उकाराचा ओकार, ‘स्त’चा ‘थ’. हस्ताचा हात, मस्तकाचा माथा, सगळे याच घाटातून उतरले. कन्नडनेही तेच केलं, फक्त तिथे ‘त्त’ झाला. जुन्या कन्नडमधलं ‘होत्तगे’ म्हणजे पोथीच, आणि कोत्तंबरी तिच्या शेजारी चपखल बसते.

यावर पहिला आक्षेप स्वयंपाकघरातूनच येईल. कोथिंबीर तर वरून भुरभुरायची वस्तू. काकडी, मुळा, गाजर, डाळ हे सगळं बाजूला ठेवून भुरभुरलेल्या पाल्याचं नाव पदार्थाला कोण देईल? देतात, आणि नेमकं याच जातीच्या पदार्थांना देतात. कोशिंबिरीचं सख्खं भावंड म्हणजे रायतं. त्याची व्युत्पत्ती राईपासून, राजिका आणि तिक्तक यांच्या जोडणीतून सांगितली जाते. आपल्याकडे आंब्याच्या रायत्यात मोहरी फेसून घालतात, ते काही उगीच नाही. तिसरं भावंड परदेशी. सॅलड हा शब्द लॅटिनमधल्या मिठापासून आलेला आहे. सॅलड म्हणजे मीठ लावलेलं. एक पदार्थ मिठाच्या नावाचा, दुसरा मोहरीच्या नावाचा, मग तिसरा कोथिंबिरीच्या नावाचा असण्यात अडचण कसली? कारणही समजण्यासारखं आहे. कच्ची भाजी ऋतूनुसार आणि बाजारानुसार बदलते. आज काकडी, उद्या मुळा, परवा केळं. न बदलणारी वस्तू म्हणजे तिला लावलेला मसाला. भाजी शिजवली की तिची स्वतःची चव पदार्थाचा ताबा घेते. कच्ची ठेवली की लावलेलं मीठ, मोहरी, पाला हेच पुढे येतात. म्हणून शिजवलेल्या पदार्थाला आपण वांग्याचं भरीत किंवा भेंडीची भाजी म्हणतो, आणि कच्च्याला ‘कशाची कोशिंबीर?’ असं विचारावं लागतं. त्या ‘कशाची’मध्येच नावाची पोकळी दिसते.

प्रतिस्पर्धी व्युत्पत्तींमध्ये दखल घेण्याजोगी एकच आहे, आणि ती खरोखर देखणी आहे. कोशिंब नावाचा एक वृक्ष आहे, कुसुंबही म्हणतात. लाल कोवळ्या पालवीचा, आंबट फळांचा. संस्कृतात तो कोशाम्र, म्हणजे कोशातला आंबा. ‘आम्र’चा आंबा होतो, ‘ताम्र’चं तांबं होतं, तसा ‘कोशाम्र’चा पालीत कोसंब झाला आणि मराठीत कोशिंब. बुद्धकाळातल्या कौशांबी नगरीचं नावही या झाडांवरून पडलं अशी एक जुनी समजूत पाली टीकांमध्ये नोंदलेली आहे. आता आंबट फळ आणि आंबट कोशिंबीर, त्यात आंब्याचा उल्लेख, त्यात चैत्रातली कैरी: जुळवाजुळव इतकी गोड होते की मोह पडावा. तरी मी तिच्या वाटेला जाणार नाही. एक तर कोशिंबपासून कोशिंबीर करायला शेवटचा ‘ईर’ कुठून आणायचा, याला उत्तर नाही. कोथिंबिरीत तो आयता आहे. दुसरं म्हणजे तमिळ. कोसुमल्लीतली मल्ली कोशाम्रातून कितीही पिळलं तरी निघत नाही. कोणी म्हणेल की तमिळ लोकांनी अनोळखी शब्द ऐकून स्वतःच्या ओळखीचं शेपूट जोडलं असेल. म्हणू द्या. जोडताना त्यांनी दुसरं काही न जोडता धन्याचंच नाव का जोडलं, या प्रश्नाने तो आक्षेप माझ्याच बाजूला येऊन बसतो.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती माझ्या स्वतःच्या साखळीत आहे. ‘स्त’चा मराठीत ‘थ’ झाला, कन्नडमध्ये ‘त्त’ झाला, मग कोसंबरीतला ‘स’ कुठून आला? सोपं उत्तर समोर पडलेलं आहे: हा पाणिनीने मध्ये घातलेलाच ‘स्’; एका शब्दात तो विरघळला, दुसऱ्यात टिकला. ऐकायला फार छान. पण एकाच भाषेत एकाच शब्दाचं एकदा ‘त’ व्हावं आणि एकदा ‘स’, यासाठी कारण लागतं, आणि हस्त, मस्तक, पुस्तक यांपैकी एकानेही अशी जुळी भावंडं मागे ठेवलेली नाहीत. मला दुसरी वाट जास्त पटते. कन्नडमध्ये ‘कोच्चु’ म्हणजे बारीक तुकडे करणं. आपण काकडी हातात धरून तिच्यावर सुरीचे उभे घाव घालतो आणि मग वरचा थर सोलल्यासारखा कापतो, त्याला ‘कोचवणं’ म्हणतो. खमंग काकडीसाठी काकडी किसत नाहीत, कोचवतात. किसली की तिचं पाणी सुटून सगळं लगद्यासारखं होतं. हे कोचवणं त्या कोच्चुच्याच घरातलं दिसतं. माझा तर्क असा, की कोत्तंबरी या तयार शब्दाच्या डोक्यावर कोच्चुचं डोकं बसलं आणि कोसंबरी झाली: कोथिंबीर घालून बारीक कोचवलेलं काहीतरी. ‘च’चा ‘स’ होणं दक्षिणेत अवघड नाही. तमिळ लिपीत या दोन उच्चारांना अक्षरच एक आहे. शब्दाच्या मध्ये ते एकटं आलं की ‘स’ म्हणायचं आणि जोडून आलं की ‘च’. कोच्चुतला ‘को’ ऱ्हस्व आणि कोसंबरीतला दीर्घ, हे मी लपवत नाही. ही कडी सैल आहे. पण तुटलेली नाही.

मराठीत आल्यावर मात्र शब्दाने इथले नियम पाळले. मराठीत ‘इ’च्या आधी ‘स’ फारसा टिकत नाही. एक म्हैस, दोन म्हशी. एक घूस, दोन घुशी. सिंदुराचा शेंदूरसुद्धा त्याच सवयीचा. कोसंबरी शेजारच्या कोथिंबिरीच्या साच्यात पडली, मधल्या ‘अं’चा ‘इं’ झाला, आणि ‘इं’ येताच ‘स’चा ‘श’ झाला. शब्द कन्नडकडून मराठीकडे आला असं मी धरतो आहे, उलट का नाही? तमिळ कोसुमल्लीसाठी तंजावरच्या मराठ्यांकडे बोट दाखवायचा मोह अनेकांना होईल. 1676पासून 1855पर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य होतं आणि सांबाराची गोष्ट तर आपण छाती फुगवून सांगतो. परंतु चेट्टिनाडमध्ये कोसुमल्ली म्हणतात ती वांग्याची, शिजवलेली, इडलीबरोबर खायची. मराठ्यांनी काकडीची कोशिंबीर नेली असती तर ती तिथे पोचेपर्यंत वांगं कशी झाली असती? आणि आपल्या माजघरात कन्नड शब्द काही पाहुणे नाहीत. तूप हे कन्नडमधलं तुप्प, अडकित्ता तिथलाच. कल्याणीच्या चालुक्यांपासून पुढे कित्येक शतकं दोन्ही भाषा एकाच राजाच्या पंगतीला जेवत होत्या. त्या घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात मानसोल्लास लिहिला, त्यात राजाच्या जेवणाचा भाग केवढा मोठा आहे!

मधल्या काळात कोशिंबिरीत काय काय शिरलं ते सर्वांना माहीत आहे. मिरची, शेंगदाणा, टोमॅटो हे सगळे अमेरिकेतून समुद्रमार्गे आलेले. दाण्याच्या कुटावाचून जिचा घास घशाखाली उतरत नाही ती खमंग काकडी म्हणूनच वयाने लहान आहे. कोथिंबीर तेवढी पहिल्यापासूनची.

आता डाळ. नाव मसाल्याचं असेल, तर खाली काकडी असो की मूग असो, नावाला फरक पडत नाही. कन्नड घरांनी डाळ ठेवली, आपण ती काढून दही आणि कूट घातलं. कोसंबरीची कोशिंबीर होताना अर्थ बदलला असं वाटतं, तो बदललेला नाही. मग आंब्याच्या डाळीचं नाव का गेलं? ती पाट्यावर गेली म्हणून. कोसंबरीत मुगाचा प्रत्येक दाणा सुटा आणि अख्खा राहतो, दाताखाली कचकचतो. आपण हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवतो, निथळतो आणि भरडसर वाटतो. मग किसलेली कैरी, मीठ, चवीपुरती साखर, आणि वरून हिंग, मोहरी, हळद, मिरच्यांची फोडणी. हरभऱ्याची डाळ नुसत्या भिजण्याने मुगाइतकी मऊ पडत नाही, म्हणून वाटावी लागली असणार. एकदा वाटली की ती कोचवलेल्या वस्तूंच्या जातीतून उठली आणि वाटणाच्या, चटणीच्या जातीत गेली. तिचं दुसरं नाव ‘वाटली डाळ’ हेच सांगतं.

कोणी विचारील, साध्या उपयोगातच खुलासा असताना एवढं शब्दाचं शेपूट कशाला पिळायचं? डाळ ही डाळ, कोशिंबीर ही कोशिंबीर, दोन पदार्थ दोन नावं. त्याला पंगतीचं पान दाखवावं. पानात वरण-भाताबरोबर डाळीची जागा मधली, भाजीची उजवी. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. चैत्रातल्या जेवणात आंब्याची डाळ असली की वाढणारी बाई ती उजवीकडे नेत नाही. मिठाच्या खाली, डाव्या हाताला, कोशिंबिरीची जागा असते तिथे ती चमचाभर वाढते, आणि त्या दिवशी बहुधा दुसरी कोशिंबीर करतही नाहीत.